ताश्कंद जवळ, पण रस्ता बंद!

दिल्लीहून लांब काय, चेन्नई की ताश्कंद? बहुतेक जण पटकन ‘ताश्कंद’ म्हणतील. पण सरळ रेषेत मोजलं तर चेन्नई साधारण १,७५० किलोमीटर, आणि ताश्कंद १,६०० च्या आत! विमानाने जेमतेम तीन तास. तरीही एप्रिल २०२५ च्या शेवटी इंडिगोला दिल्ली-ताश्कंद सेवा थांबवावी लागली.

झालं काय, तर पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिलला पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. ३० एप्रिलला भारतानेही तेच केलं. यात नियमभंग काही नाही. १९४४ च्या शिकागो करारानुसार आपल्या हद्दीवरच्या आकाशावर प्रत्येक देशाचा पूर्ण हक्क आहे. पण ताश्कंदचा सरळ मार्ग पाकिस्तानवरूनच जातो. वळसा घ्यायचा तर आधी अरबी समुद्राकडे जायचं, मग उत्तरेकडे वळायचं. एवढा पल्ला आपल्या विमानांना झेपणारा नाही, असं इंडिगोने सांगितलं.

गंमत म्हणजे ही बंदी भारतीय कंपन्यांपुरती आहे. उझबेकिस्तानच्या विमानांना पाकिस्तानचं आकाश खुलंच. म्हणजे शहरं तीच, अंतर तेच. फरक विमान कुणाचं एवढाच.

याचा फटका कुणाला? एमबीबीएससाठी उझबेकिस्तानला जाणाऱ्या आपल्याच मुलामुलींना. पर्याय कमी झाले की भाड्याचं काय होतं, हे दिवाळीत गावी जाणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

आणि १९६६ मध्ये भारत-पाकिस्तानने शांतता करारावर सह्या केल्या, त्या कुठे? ताश्कंदलाच!