पूर्ण तिकीट, अर्धी जत्रा

उंब्रजहून नातवाला एका मोठ्या मनोरंजन उद्यानात नेलं. तो व्हीलचेअरवर. तिकीट पूर्ण घेतलं, पण प्रत्येक राइडपुढे पायऱ्याच! वर सल्ला, "आजोबा, त्याला सावलीत बसवा."

सुरक्षेसाठी एखादी राइड नाकारली तर समजू शकतो. पण सगळ्याच? अमेरिकेत सॅन अँटोनिओला २०१० साली सुरू झालेल्या 'मॉर्गन्स वंडरलँड'मध्ये व्हीलचेअरसकट झोका घेता येतो, शिवाय दिव्यांगांना प्रवेश मोफत. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ४६ खासगी सेवांनाही सुगम्यतेचे नियम लावतं. २०१७ साली निघालेल्या नियमांची दोन वर्षांची मुदत २०१९ लाच संपली.

आम्हाला दया नको, उतार हवा. तो नसेल, तर पूर्ण तिकीट कोणत्या तोंडाने मागता?