आपली वही आपणच ठेवू



पुसदच्या जंगल सत्याग्रहाची तारीख पुस्तकात सापडते: १० जुलै १९३०. बापूजी अणे यांनी राखीव जंगलातलं गवत कापलं, त्यांना अटक झाली. पण चराईपायी, सरपणापायी आपल्या किती बायांचे विळे जप्त झाले, किती जणांनी मार खाल्ला, त्याची तारीख कुठंच नाही. पुढाऱ्याची नोंद झाली. आपली कोण करणार?

जगभरातले मोर्चे, दंगे, गोळीबार मोजणाऱ्या संस्था आहेत. 'अ‍ॅक्लेड' त्यातली एक. आफ्रिकेच्या नोंदी तिच्याकडे १९९७ पासूनच्या आहेत, आता भारताच्याही आहेत. पण ही माहिती बहुतेक पेपरातून आणि तिथल्या संघटनांकडून येते. सरकारचा गुन्हे अहवाल तर पोलिसांनी नोंदवलेलेच गुन्हे मोजतो. झरी-जामणीच्या एखाद्या पोडावर उभं पीक उपटलं, पेपरवाला आला नाही, ठाण्यात रिपोर्ट घेतली नाही, तर हिशोबात काय येते? शून्य! मग साहेब म्हणते, इकडं तर सगळं शांत आहे.

२३ नोव्हेंबर १९९४ ला नागपुरात गोवारींच्या मोर्चावर लाठीमार झाला, चेंगराचेंगरीत ११४ जीव गेले. तो आकडा कोणाला पुसता येत नाही, कारण ते विधानभवनाजवळ, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडलं. जंगलात पाहायला कोण असते?

म्हणून माझं म्हणणं, प्रत्येक ग्रामसभेनं घटनांची वही ठेवावी. दिवस, वेळ, जागा, कोण आलं, काय नेलं, कोणाला लागलं. दवाखान्याची चिठ्ठी, जप्तीचा कागद सोबत चिकटवावा. आपला शांततेचा मोर्चा, धरणंही लिहावं. त्याच दिवशी लिहावं. महिन्यानं आठवण बदलते.

एक गोष्ट कडू लागेल. दहा जणांना लागलं तर शंभर लिहू नका. आपल्यातल्या कोणी दगड मारला असेल, तर तेही लिहा. एक ओळ खोटी निघाली की अख्खी वही खोटी ठरते. साक्षीदारांची नावं मात्र वेगळ्या कागदावर, जपून ठेवा.

कागदानं काय होते, असं म्हणाल. अतिक्रमणाच्या दंडाच्या जुन्या पावत्या आठवा. ज्यांनी त्या जपल्या, त्यांना वनहक्काच्या दाव्यात १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा कब्जा दाखवायला त्याच कामी आल्या. त्यांनी आपल्याविरुद्ध लिहिलेला कागद आपल्या कामी येतो, तर आपण खरं लिहिलेला का नाही येणार?