गणपती परदेशी, किल्ली वाशीत

२५ डिसेंबर २०२५ रोजी नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळावरून प्रवासी विमानांची ये-जा सुरू झाली. नेरुळ, बेलापूर, खारघर येथील कित्येक ज्येष्ठ दांपत्यांना या वार्तेचा झालेला आनंद नागरी अभिमानापुरता नव्हता. मुलगा न्यू जर्सीत, मुलगी लंडनला आणि आपण दोघे सेक्टरमधल्या तिसऱ्या मजल्यावर, अशी ज्या घरांची आजची स्थिती आहे, त्यांना विमानतळ दाराशी आल्याने मुलेही थोडी जवळ आल्यासारखी वाटली. मात्र घरातले माणूस मध्यरात्री न्हाणीघरात पाय घसरून पडते, तेव्हा विमानतळ किती अंतरावर आहे हा प्रश्न गौण ठरतो. शेजारच्या घराची किल्ली कोणापाशी आहे, हा खरा प्रश्न असतो.

परदेशस्थ मराठी समाजाविषयी आपल्याकडे दोन टोकांचे बोलणे चालते. एक कौतुकाचे, दुसरे कुत्सितपणाचे. ढोल-ताशे, नऊवारी आणि मोदक यांची छायाचित्रे पाहून पहिला वर्ग हरखतो. ‘आई-बापांना टाकून गेले’ असे म्हणून दुसरा मोकळा होतो. या दोन्ही वर्गांनी तेथील महाराष्ट्र मंडळांचे काम पुरते पाहिलेले नसते.

लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ साली न. चिं. केळकर यांच्या पुढाकाराने स्थापन झाले. उत्तर अमेरिकेतील मंडळांना एकत्र गुंफणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून कार्यरत आहे. त्याचे अधिवेशन २०२४ च्या जूनअखेरीस कॅलिफोर्नियात सॅन होजे येथे भरले होते. अधिवेशनांची वर्णने आपल्या वृत्तपत्रांत येतात. मंडळांच्या वार्तापत्रांत शेवटच्या पानावर छापल्या जाणाऱ्या रूक्ष सूचना मात्र कोणी वाचत नाही. अमुक शनिवारी सभागृहात वाणिज्य दूतावासाचे शिबिर आहे. पारपत्राच्या प्रती आणाव्यात. निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला तेथेच मिळेल. मुलाकडे सहा महिन्यांसाठी गेलेल्या आणि नोव्हेंबरात वेतन अडकेल या धास्तीने झोप उडालेल्या निवृत्त शिक्षकाला त्या चार ओळी एखाद्या गायनाच्या मैफलीपेक्षा मोलाच्या वाटतात. मंडळाची खरी किंमत अशा ओळींत असते.

या व्यावहारिक माहितीअभावी किती घरे अडचणीत येतात! नवी मुंबईतील सदनिकेचेच पाहा. सिडकोच्या जमिनी परंपरेने साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिलेल्या. वडिलांच्या पश्चात घर नावावर करायचे तर सोसायटी आणि सिडको अशा दोन्ही दारांत जावे लागते. परदेशातील मुलगा त्यासाठी मुखत्यारपत्र करून धाडतो. ते तेथील दूतावासात साक्षांकित केलेले असते आणि काम संपले असे त्याला वाटते. परंतु परराज्यात वा परदेशात केलेला असा दस्त महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर येथील मुद्रांक शुल्क भरावे लागते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. कागद कपाटात राहतो, मुदत उलटते आणि पंच्याहत्तरीची आई मुद्रांक कार्यालयाच्या बाकावर बसते. ओसीआय कार्डाचेही तसेच. परकीय नागरिकत्व घेतलेल्यास ते कार्ड आजीवन प्रवेशाची मुभा देते. पण त्या आधारे शेतजमीन विकत घेता येत नाही. भारतीय पारपत्र राखून असलेल्यास २०१० च्या दुरुस्तीने मताधिकार मिळाला. मात्र ६-अ क्रमांकाचा अर्ज भरून यादीत नाव घालावे लागते आणि मतदानाच्या दिवशी मूळ पारपत्रासह केंद्रावर जातीने हजर व्हावे लागते.

‘आजीवन’ या शब्दाची परीक्षा २०२० साली झाली. मार्च महिन्यात ओसीआयधारकांची प्रवेशाची सवलतही काही काळ स्थगित झाली आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणे थांबली. नियमित उड्डाणे पूर्ववत व्हायला २०२२ चा मार्च उजाडला. त्या दिवसांत कित्येक मुलांनी आई-वडिलांचे अंत्यदर्शन दूरध्वनीच्या पडद्यावर घेतले. अशा वेळी औषधे, डबे, रुग्णालयातला खाटेचा शोध आणि अखेरचे चार खांदे कोणी दिले? शेजाऱ्यांनी आणि सेवाकार्यात उतरलेल्या तरुणांनी. अनेकांना तर त्याआधी शेजारच्या आजोबांचे नावही ठाऊक नव्हते.

गिरगाव-दादरच्या चाळीतून जी कुटुंबे वाशीला आली, त्यांनी दोन खोल्यांच्या जागी हवेशीर घर मिळवले आणि त्याच्या मोबदल्यात उघडा दरवाजा गमावला. चाळीत आजारी माणूस लपत नसे. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने रस्ते, उद्याने, शाळा, बाजार यांची आखणी केली. शेजारधर्माची आखणी कोणतेही महामंडळ करू शकत नाही. महापालिकेची विरंगुळा केंद्रे आहेत, ज्येष्ठ नागरिक संघ आहेत आणि त्यांचे कामही चांगले आहे. पण तेथे जो चालत येऊ शकतो, तोच येतो. जो येईनासा झाला, त्याची चौकशी कोणी करायची?

कायद्याकडे बोट दाखवणे सोपे आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा परदेशातील भारतीय नागरिकांनाही लागू आहे आणि न्यायाधिकरण दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह ठरवू शकते. पण नेरुळमधल्या बहुतेक घरांत पैशाची वाण नाहीच. मुलगा पैसे पाठवतो, रोज बोलतो, मासिक शुल्क घेणाऱ्या सेवेचीही व्यवस्था करतो. त्याला कायद्याचा बडगा दाखवून काय साधणार? त्याला पहाटे तीन वाजता फोन करता येईल असा एक माणूस त्याच इमारतीत हवा असतो.

‘परदेशी गेलेल्यांची उठाठेव आम्ही का करावी?’ असा प्रश्न कोणी विचारील. गेलेला मुलगा परदेशस्थ असेल, पण मागे राहिलेली आई आपल्याच जिन्यावर राहते, एवढेच त्याला उत्तर आहे.

येथे स्थानिक गणेशोत्सव मंडळांना एक विलक्षण सोय उपलब्ध आहे, ती म्हणजे वर्गणीचे पावतीपुस्तक. सेक्टरमधील प्रत्येक इमारतीचा, प्रत्येक दाराचा क्रमांक त्यात असतो. कोणी किती दिले हे मंडळाला पाच वर्षे मागचे सांगता येते. कोणत्या दारामागे एकटे माणूस राहते, हे सांगता येत नाही. मंडळातील दोघा विश्वासू कार्यकर्त्यांनी एक वही ठेवावी. तीत मुलाचा परदेशातील क्रमांक, नेहमीच्या डॉक्टरांचे नाव, रक्तगट, आणि दुसरी किल्ली कोणाकडे आहे एवढेच असावे. (ही यादी भ्रमणध्वनीवरच्या गटात टाकण्याचा उत्साह कोणी करू नये, एकट्या वृद्धांची तयार यादी चोरांच्याही उपयोगाची असते.) ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हा राष्ट्रीय मदतक्रमांक प्रत्येक जिन्यात लावावा. आणि लंडनच्या किंवा सॅन होजेच्या मंडळाने आपल्या सभासदांकडून फक्त तिकडचा नव्हे, तर इकडचा पत्ताही भरून घ्यावा. सभासदाचे घर वाशीत असेल, तर वाशीतल्या मंडळाच्या कार्यवाहाचा क्रमांक त्याच्यापाशी असायला काय हरकत आहे?

भाद्रपदाच्या आधी मुले वर्गणीला दारोदार जातातच. पावतीच्या स्थळप्रतीमागे तीन क्रमांक लिहून घ्यायला एका घरामागे दोन मिनिटे पुरतात. आजींनी चहा ठेवला तर दहा.