लघुक्रमांकांचे गायरान

गावाच्या शिवारात गायरान असते. ते कुणा एकाच्या नावावर नसते, म्हणून सर्वांचे असते. आणि नेमक्या त्याच कारणाने त्यावर अतिक्रमण करणेही सर्वांत सोपे असते. दूरसंचाराच्या शिवारातही असे एक गायरान आहे. १००, १०१, १०८, ११२, १०९८, १९३० हे आकडे पाहता पाहता तोंडपाठ होतात. संकटात सापडलेल्या माणसाची बोटे दहा आकडे शोधत नाहीत, तीन किंवा चार आकडेच शोधतात. मात्र हे तीन-चार आकडे नेमके किती आहेत, ते कुणाला, कोणत्या अटींवर आणि कोणाच्या हितासाठी दिले जातात, याचा विचार सार्वजनिक चर्चेत क्वचितच होतो.

हिशेब साधा आहे. दहा आकडी भ्रमणध्वनी क्रमांक कोट्यवधी निर्माण करता येतात. एकने सुरू होणारे तीन आकडी क्रमांक मात्र शंभरच निघतात. त्यातही एक दिला की त्याच्या पोटातले दहा चार आकडी क्रमांक बाद होतात. १०८ हा क्रमांक रुग्णवाहिकेला दिला म्हणजे १०८० ते १०८९ कायमचे गेले. उलट १०९१ महिलांना आणि १०९८ बालकांना दिल्यावर १०९ हा क्रमांक दुसऱ्या कुणाला देता येत नाही. जमिनीप्रमाणेच ही संपत्ती मर्यादित आहे; नवी निर्माण करता येत नाही. म्हणून तिचे वाटप हा तांत्रिक विभागाने परस्पर उरकण्याचा विषय नसून लोकनीतीचा विषय आहे.

या संपत्तीचा पहिला मोठा उपभोग आपल्याकडे घेतला तो लोकसेवेने नव्हे, करमणुकीने. २००४ साली 'इंडियन आयडॉल' सुरू झाले आणि गाणाऱ्या मुलाला निवडून देण्यासाठी घरोघरचे भ्रमणध्वनी सरसावले. वाहिन्यांचे चार आकडी क्रमांक आले, त्यांतील अनेकांच्या आधी पुढे पाचचा आकडा लागून ते पाच आकडी झाले. साध्या लघुसंदेशाच्या दरापेक्षा कितीतरी अधिक दर या संदेशांना होता. २००७ च्या 'कौन बनेगा करोडपती'मध्ये प्रेक्षकांसाठी 'हर सीट हॉट सीट' ही स्पर्धा घेतली गेली. प्रत्येक संदेशाला २ रुपये ४० पैसे पडत. एका ग्राहक संस्थेने या प्रकाराविरुद्ध राष्ट्रीय ग्राहक आयोगाकडे दाद मागितली. आयोगाने २००८ मध्ये वाहिनी आणि दूरसंचार कंपनी यांना अनुचित व्यापारी प्रथेबद्दल १ कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला. पुढे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. बक्षिसाची रक्कम संदेशांच्या कमाईतूनच दिली गेली, हे दाखविणारा पुरावा समोर नाही, असे न्यायालयाला आढळले. न्यायालयाचा निर्णय शिरसावंद्यच आहे. पण कायद्याच्या कसोटीवर व्यवहार टिकला म्हणून नीतीचा प्रश्न संपत नाही. छोट्या क्रमांकाला संदेश पाठविताना आपल्या खिशातून किती जाणार आहे आणि ते कुणाकुणात वाटले जाणार आहे, हे त्या प्रेक्षकाला कोणी ठळक अक्षरांत सांगितले होते काय?

तीच कथा 'मूल्यवर्धित सेवां'ची. गाण्याची धून, राशिभविष्य, विनोद, क्रिकेटचा धावफलक. एक कळ चुकून दाबली जावी आणि दर महिन्याला शिल्लक कापली जावी. ज्याच्या भ्रमणध्वनीत जेमतेम वीस रुपये भरलेले असत, त्या शेतमजुराला वा घरकाम करणाऱ्या बाईला तीस रुपयांची धून म्हणजे संपर्कच तुटणे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१३ मध्ये निर्देश काढून ग्राहकाची दोनदा संमती घेणे बंधनकारक केले आणि नको असलेली सेवा बंद करण्यासाठी १५५२२३ हा समान क्रमांक ठेवला. उपाय योग्य होता. परंतु एक विसंगती पाहण्यासारखी आहे : लुबाडणारा क्रमांक जिभेवर खेळणारा, आणि त्यातून सुटण्याचा क्रमांक सहा आकडी! तो किती जणांना पाठ होता, हे कोणत्याही गावच्या पारावर विचारून पाहावे.

नको असलेल्या जाहिरातींचा बंदोबस्त करण्याचा प्रयत्नही २००७ पासून चालू आहे. आधी नोंदवही आली, मग १९०९ हा क्रमांक आला, २०१० मध्ये नवे नियम झाले. ते २७ सप्टेंबर २०११ पासून लागू झाले तेव्हा एका सिमकार्डावरून दिवसाला शंभरच लघुसंदेश पाठविण्याची मर्यादा घातली गेली. ती थोड्याच काळात दोनशे झाली आणि बिगरव्यापारी संदेशांपुरती ती दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २०१२ मध्ये रद्द केली. जाहिरातदाराला आवर घालता येत नाही म्हणून सामान्य नागरिकाच्या तोंडाला बूच मारायचे, ही प्रशासनाची जुनी खोड आहे.

या खोडीचे अधिक गंभीर रूप देशाने दोनदा पाहिले. सप्टेंबर २०१० मध्ये अयोध्येच्या खटल्याचा अलाहाबाद उच्च न्यायालयाचा निकाल लागायचा होता. केंद्र सरकारने देशभरातील घाऊक लघुसंदेश बंद केले आणि बंदी निकालाच्या दिवसापर्यंत वाढविली. ३० सप्टेंबरला निकाल लागला. देश शांत राहिला. शतकानुशतकांच्या श्रद्धेचा विषय असूनही समाजाने जो संयम दाखविला तो संदेश बंद होते म्हणून, असे म्हणणे हा त्या समाजाचा अपमान आहे. मंदिरांतून, वस्त्यांतून, घरोघरच्या बैठकांतून शांततेचे आवाहन करणारी माणसे हजारोंनी होती. शासनाचा मात्र समाजावर विश्वास नव्हता.

दुसरा प्रसंग त्याहून बोलका आहे. जुलै २०१२ मध्ये आसामच्या कोक्राझार परिसरात हिंसाचार भडकला. घुसखोरीचा प्रश्न दशकानुदशके टाळला गेल्याने साठलेल्या अस्वस्थतेची पार्श्वभूमी त्याला होती. ११ ऑगस्टला मुंबईच्या आझाद मैदानावर दंगल झाली, हुतात्म्यांच्या स्मारकाची विटंबना झाली. त्यानंतर काही दिवसांत बंगळुरू आणि पुण्यात शिकणाऱ्या, नोकरी करणाऱ्या ईशान्य भारतातील बांधवांच्या भ्रमणध्वनींवर धमक्यांचे संदेश फिरू लागले. पाहता पाहता हजारो तरुण-तरुणी बोचकी बांधून रेल्वे स्थानकांवर आले. गुवाहाटीकडे विशेष गाड्या सोडाव्या लागल्या. आपल्याच देशात आपली माणसे निर्वासितासारखी पळत होती. केंद्रीय गृहसचिवांनी नंतर सांगितले की, अफवांना खतपाणी घालणारी बनावट चित्रे मोठ्या प्रमाणावर पाकिस्तानातून पसरविली गेली होती.

तेव्हा सरकारने काय केले? १७ ऑगस्टला घाऊक संदेशांवर पंधरा दिवसांची बंदी घातली आणि प्रत्येक नागरिकाला दिवसाला पाच संदेशांची मर्यादा आखून दिली. पुढे ती वीस केली. अफवेचा मार्ग रोखणे आवश्यक होते, हे कोणीही मान्य करील. पण त्याच वेळी सत्य पोचविण्याचा मार्ग कोठे होता? ईशान्येतील त्या मुलीने कोणता तीन आकडी क्रमांक फिरवायचा होता, जेथे तिच्या भाषेत, निदान हिंदीत, कोणी तिला सांगेल की 'तुझ्या वस्तीत पोलीस आहेत, तू सुरक्षित आहेस'? असा देशभर ओळखीचा, शासनाच्या शिक्क्याचा एकही क्रमांक तेव्हा तिच्या मनात नव्हता. बंगळुरूच्या स्थानकावर ते काम माणसांनी केले. संघाचे स्वयंसेवक गाडीच्या डब्यापाशी उभे राहून त्यांना धीर देत होते, खाण्यापिण्याची व्यवस्था पाहत होते. प्रत्यक्ष हात हातात घेण्याला पर्याय नाही हे खरेच. तरीही शासनाने आपले ध्वनियंत्र बंद ठेवून फक्त नागरिकांचे बंद करावे, हे शहाणपणाचे नव्हते. सरकारे बदलली, माध्यमेही बदलली. आधी बंद करा, मग पाहू, ही वृत्ती मात्र पूर्ण गेली असे म्हणता येत नाही.

लोकांनी दरम्यान स्वतःचा मार्ग शोधला होता. संदेशाला पैसे पडतात, मग घंटी वाजवून ठेवून द्यावी! २०११ च्या भ्रष्टाचारविरोधी आंदोलनात लाखो लोकांनी 'मिस्ड कॉल'ने पाठिंबा कळविला. नोव्हेंबर २०१४ मध्ये भारतीय जनता पक्षाने सदस्यता अभियान याच रीतीने हाती घेतले. हसण्यावारी नेणाऱ्यांनी त्याला हसून घेतले. वास्तविक बिनखर्चाची घंटी हा या देशातील सामान्य माणसाने महागड्या लघुक्रमांकांना दिलेला सडेतोड जबाब होता.

संकटकाळाच्या क्रमांकांची व्यवस्था मात्र उशिरा का होईना मार्गाला लागली. १०९८ ही बालकांसाठीची सेवा १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमातून सुरू झाली. 'दस-नौ-आठ' असा उलटा मोजत म्हणायचा हा क्रमांक अक्षरओळख नसलेल्या पोरालाही पाठ होतो. क्रमांक कसा निवडावा याचा तो वस्तुपाठ आहे. १०८ ची सेवा २००५ मध्ये आंध्र प्रदेशात आणि २०१४ मध्ये महाराष्ट्रात सुरू झाली. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील अमानुष घटनेनंतर निर्भया निधीतून ११२ या एकाच आपत्कालीन क्रमांकाची योजना आली. तिच्यासाठी ३२१ कोटी ६९ लाख रुपये ठेवले गेले आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये सोळा राज्यांत व केंद्रशासित प्रदेशांत ती कार्यान्वित झाली. सायबर फसवणुकीसाठीही आधी १५५२६० हा क्रमांक होता, तो २०२२ मध्ये १९३० झाला. चोराने खात्यातून पैसे काढल्यावर पहिले काही तासच हाताशी असतात, तेव्हा सहा आकडे आठवत बसणे परवडत नाही, हे कोणाच्या तरी लक्षात आले. छोटा वाटणारा हा बदल अनेकांची पुंजी वाचविणारा आहे.

खरी मेख आहे ती विश्वासाची आणि भाषेची. भामटेही आता 'शासनाकडून बोलतो' म्हणत दूरध्वनी करतात. म्हणूनच २०२५ च्या सुधारित नियमांनी संदेशाच्या शीर्षाला शेवटी अक्षर जोडण्याची पद्धत आणली : 'पी' म्हणजे जाहिरात, 'एस' म्हणजे सेवा, 'टी' म्हणजे व्यवहार आणि 'जी' म्हणजे शासन. बँकांच्या व्यवहारविषयक दूरध्वनींसाठी १६०० ने सुरू होणारी, तर जाहिरातींसाठी १४० ने सुरू होणारी मालिका ठरली. व्यवस्था चांगली आहे. पण ही रोमन अक्षरे खेड्यातल्या आजीबाईला कोणी समजावून सांगितली? रेशन दुकानाच्या, पोस्टाच्या, बँकेच्या भिंतीवर चार ओळींचा फलक लावायला फार मोठा निधी लागत नाही.

भाषेचा अन्याय तर आकड्यांनी सिद्ध होतो. इंग्रजी लघुसंदेशात १६० चिन्हे मावतात, देवनागरीत ७०. काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षर यांचे प्रत्येक अंग निराळे मोजले जाते. 'ग्रामस्थांनी' या एका शब्दाला बारा चिन्हे लागतात. 'धरणातून पाणी सोडण्यात येणार आहे. नदीकाठच्या ग्रामस्थांनी तातडीने सुरक्षित स्थळी जावे.' एवढा साधा मजकूर ८५ चिन्हांचा होतो. सत्तरावे चिन्ह 'सुरक्षित' या शब्दाच्या मधोमध येते! पुढच्या अर्ध्या वाक्यासाठी दुसऱ्या संदेशाचे शुल्क. परिणामी कार्यालये इंग्रजीत लिहितात, किंवा मराठी रोमन लिपीत कोंबतात. ज्या भाषेला सावरकरांच्या भाषाशुद्धीने 'महापौर', 'दिग्दर्शक' असे सुटसुटीत शब्द दिले, त्या भाषेला स्वतःच्या लिपीत लिहिल्याबद्दल दुप्पट दाम मोजावे लागावे, हे स्वतंत्र देशात शोभत नाही.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०२३ मध्ये मनोऱ्यांवरून एकाच वेळी सर्व भ्रमणध्वनींना इशारा देण्याच्या चाचण्या घेतल्या, त्यात महाराष्ट्रात मराठी मजकूरही उमटला. वादळ-पुरासाठी हा मार्ग निश्चितच उपयुक्त आहे. परंतु लसीकरणाचा दिवस, टँकरची वेळ, पीकविम्याची मुदत असल्या रोजच्या गोष्टी तर लघुसंदेशानेच जाणार. छोट्या संस्थांचीही तीच अडचण आहे. २०१८ च्या नियमांनी घाऊक संदेश पाठविणाऱ्याला नोंदणी आणि मजकुराच्या साच्याची पूर्वमान्यता आवश्यक ठरविली. मोठ्या कंपनीला त्याचे काही वाटत नाही. रक्तदान शिबिर भरविणाऱ्या गणेशोत्सव मंडळाला किंवा तालुक्याच्या वाचनालयाला ती कागदपत्रेच डोईजड होतात.

नियामकाने यासाठी दोन गोष्टी करण्यासारख्या आहेत. ग्रामपंचायती आणि नोंदणीकृत सेवाभावी संस्था यांना नाममात्र शुल्कात शीर्ष मिळावे. आणि भारतीय लिप्यांतील लोकोपयोगी संदेशाचे शुल्क चिन्हांवर न मोजता संदेशावर मोजले जावे, मग तो सत्तर चिन्हांचा असो वा एकशेचाळीस. दुसऱ्या गोष्टीला नवे यंत्र लागत नाही, नवा कायदाही लागत नाही. एक दरपत्रक बदलावे लागते, आणि दरपत्रके बदलण्याचा अधिकार प्राधिकरणाला १९९७ च्या कायद्यानेच दिलेला आहे.