नोकरीसाठी पैसे मोजण्यापूर्वी



कापसाचा चुकारा हाती पडला, उसाचे बिल बँकेत जमा झाले की आपल्या भागात दोन माणसे फिरू लागतात. एक ट्रॅक्टर विकणारा, दुसरा नोकरी विकणारा. ट्रॅक्टर निदान अंगणात उभा राहतो. नोकरीवाला मात्र "पोराचं काम झालंच समजा, साहेब आपल्या घरचाच हाय" असे म्हणून बयाणा घेतो आणि पुण्या-मुंबईचा एक पत्ता देऊन मोकळा होतो.

घाटंजी तालुक्यातील मुलांनी बाहेर पडू नये, असे आम्ही म्हणत नाही. कोरडवाहू पाच एकरांत तीन भावांचे भागत नाही, हे सांगायला आम्ही कशाला हवे? धामणगावला गाडी धरून पोरे चाकणच्या कारखान्यांत जातात, कोणी बुटीबोरीत जातात, ते योग्यच आहे. पण नोकरीसाठी बापाने पैसे मोजावे लागतात, हा समज डोक्यातून गेला पाहिजे. भामट्याचे सारे भांडवल तेच. वशिल्याशिवाय काही होत नाही, असे आपणच पोरांपुढे बोलतो. मग वशिला विकणारा दारात आला तर नवल काय?

२०२२ सालची दिल्लीची हकीकत पाहा. रेल्वेत नोकरी लावतो म्हणून तामिळनाडूच्या २८ तरुणांकडून मिळून २ कोटी ६७ लाख रुपये उकळले गेले. 'प्रशिक्षण' काय, तर नवी दिल्ली स्टेशनच्या फलाटावर रोज आठ तास गाड्या आणि डबे मोजायचे! शिकलीसवरली पोरे महिनाभर डबे मोजत बसली. रेल्वेची भरती भरती मंडळाच्या परीक्षेतून होते, मध्ये दलाल नसतो. परीक्षेची फी भरावी लागते, पण ती मंडळाच्या संकेतस्थळावर, कोणाच्या खिशात नव्हे.

खाजगी नोकरीतही तेच. मुलाखत नुसती व्हॉट्सॲपवर झाली आणि लगेच गणवेशाचे, लॅपटॉपचे डिपॉझिट मागितले, तर तेथेच थांबावे. पत्रावरचा नंबर न लावता कंपनीचा नंबर स्वतः शोधून फोन करावा. मूळ मार्कशीट कोणाच्या ताब्यात देऊ नये. आधारच्या झेरॉक्सवर कशासाठी दिली ते लिहावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी कामगाराला लेखी नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक केले आहे, तेव्हा ते मागायला लाजू नये. यवतमाळचे रोजगार मार्गदर्शन केंद्र आणि शासनाचे महास्वयम् संकेतस्थळ येथे नाव नोंदवायला पैसा लागत नाही.

आणि फसलाच कोणी, तर गप्प बसू नये. आपण आडमार्गाने पैसे दिले, आता लोक काय म्हणतील, या लाजेने बाप तोंड उघडत नाही आणि तोच दलाल पुढच्या गावी जातो. ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच घटकेला १९३० वर फोन करावा. उशीर झाला की पैसे दुसऱ्या खात्यातून तिसऱ्यात जातात.

संचालक मंडळाला आमची एक सूचना आहे. सभासदाच्या मुलाला आलेले नोकरीचे पत्र, पैसे भरण्यापूर्वी, शेतकी गट कार्यालयात दाखवता यावे. तेथील एखाद्या जाणत्या कर्मचाऱ्याने कंपनीला फोन करून खात्री करून द्यावी. फोनचा खर्च तो काय येणार?