मोफत व्याख्याने आणि रिकामी खुर्ची

तत्त्वज्ञान, इतिहास, अर्थशास्त्र किंवा समाजशास्त्र यांवरील नामवंत प्राध्यापकांची व्याख्याने आज एक पैसाही न मोजता घरबसल्या ऐकता येतात. ज्ञानाचे दरवाजे अशा रीतीने खुले झाले, याचे स्वागतच केले पाहिजे. मात्र ही व्याख्याने पदवीच्या श्रेयांकांशी जोडली गेली की प्रश्नाचे स्वरूप बदलते. ती शिक्षकाच्या जोडीला आहेत की शिक्षकाच्या जागी? महाराष्ट्रातील कला महाविद्यालयांच्या दृष्टीने हा प्रश्न आज कळीचा ठरत आहे.

या प्रवाहाचा आरंभ अमेरिकेत झाला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने २००१ मध्ये आपले अभ्याससाहित्य सर्वांसाठी खुले करण्याची घोषणा केली. येल विद्यापीठाने डिसेंबर २००७ मध्ये सात अभ्यासक्रमांची संपूर्ण व्याख्याने महाजालावर आणली. त्यांत तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र, मानसशास्त्र आणि आधुनिक काव्य हे विषय होते. पुढे २०१२ मध्ये ‘कोर्सेरा’ आणि ‘एडएक्स’ सुरू झाले आणि विद्यापीठांचे दिवस आता भरले, असे भाकीत वर्तविले जाऊ लागले. त्या भाकितातील अतिशयोक्ती लवकरच उघड झाली. हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या ‘एडएक्स’वरील अभ्यासक्रमांची पाहणी २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तीनुसार २०१७-१८ मध्ये नोंदणी करणाऱ्यांपैकी जेमतेम तीन टक्क्यांनी अभ्यासक्रम पूर्ण केला होता.

याच काळात कॅलिफोर्नियातील सॅन होजे स्टेट विद्यापीठात एक लक्षणीय वाद झाला. हार्वर्डचे प्राध्यापक मायकेल सँडेल यांचा ‘जस्टिस’ हा न्यायविषयक अभ्यासक्रम आपल्या वर्गात वापरावा, असे तेथील तत्त्वज्ञान विभागास सुचविण्यात आले. विभागाने २०१३ मध्ये सँडेल यांना अनावृत पत्र लिहून नकार कळविला. सधन विद्यापीठांतील विद्यार्थ्यांना हाडामांसाचे प्राध्यापक मिळतील आणि इतरांनी मात्र त्यांची चित्रफीत पाहायची, अशी दोन वर्गांची व्यवस्था यातून उभी राहील, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. सँडेल यांचे अध्यापन प्रश्नोत्तरांतून पुढे जाते. पण तो संवाद हार्वर्डच्या मुलांशी झालेला. तो दुरून पाहणारा विद्यार्थी त्यात सहभागी नसतो. सँडेल यांनीही उत्तरादाखल, आपल्या व्याख्यानांमुळे अन्यत्रच्या सहकाऱ्यांचे नुकसान व्हावे अशी आपली मुळीच इच्छा नसल्याचे स्पष्ट केले.

भारतात ‘स्वयम’ हे केंद्र सरकारचे व्यासपीठ जुलै २०१७ मध्ये औपचारिकरीत्या सुरू झाले. शिक्षण विनामूल्य, प्रमाणपत्रासाठी परीक्षेचे शुल्क मात्र भरायचे, अशी त्याची रचना आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ च्या विनियमांनुसार एका सत्रातील २० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम’वरून पूर्ण करण्याची मुभा दिली आणि २०२१ मध्ये ही मर्यादा ४० टक्क्यांवर नेली. २०१६ च्या विनियमांतील एक कलम बारकाईने वाचण्यासारखे आहे. ही मुभा कोणत्या परिस्थितीत वापरावी, हे सांगताना विभागात योग्य शिक्षक उपलब्ध नसणे हेही एक कारण त्यात दिलेले आहे.

येथे आपल्या राज्याचा संबंध येतो. महाराष्ट्रात प्राध्यापकभरती वर्षानुवर्षे रखडत आली आहे. अनेक महाविद्यालयांचा कारभार तासिका तत्त्वावरील अध्यापकांच्या बळावर चालतो. तत्त्वज्ञान किंवा मानसशास्त्राचा विभाग एका शिक्षकावर तगून असतो. तो निवृत्त झाला की जागा रिकामी राहते. अशा वेळी आडवळणाच्या गावातील विद्यार्थ्याला ‘स्वयम’मुळे तो विषय निदान शिकता तरी येईल, या युक्तिवादात तथ्य आहे. परंतु तात्पुरत्या सोयीचे कायमस्वरूपी व्यवस्थेत रूपांतर होण्यास आपल्याकडे वेळ लागत नाही. चित्रफितीने तासिका भागते असे एकदा दिसले की ती जागा भरण्याची निकड कोणाला वाटणार?

विज्ञान-अभियांत्रिकीपेक्षा मानव्यविद्यांत हा धोका अधिक आहे. गणिताचे उत्तर बरोबर की चूक, हे यंत्र सांगू शकते. फाळणीची कारणे किंवा जातिव्यवस्थेचे अर्थकारण यांवर विद्यार्थ्याने लिहिलेला निबंध कोणीतरी वाचावा लागतो, त्यावर लाल शाईने शेरा मारावा लागतो, ‘हे विधान कशाच्या आधारावर?’ असे विचारावे लागते. हजारोंच्या नोंदणीत ते शक्य होत नाही. म्हणून मूल्यमापनाचा भर बहुपर्यायी प्रश्नांवर राहतो आणि युक्तिवाद करण्याची शिस्त, जी या विद्यांचा गाभा आहे, तीच बाजूला पडते.

भाषेची अडचण याहून मोठी आहे. कला शाखेतील असंख्य विद्यार्थी पदवीपर्यंत मराठीतून शिकतात, तर उच्च शिक्षणाचे हे खुले भांडार प्रामुख्याने इंग्रजीत आहे. ‘एनपीटीईएल’ने व्याख्यानांच्या संहितांची भाषांतरे मराठीसह अनेक भारतीय भाषांत केली आहेत, पण या उपक्रमाचा मूळ पिंड अभियांत्रिकीचा. शिवाय समाजशास्त्रातील संकल्पना केवळ शब्द बदलून मराठीत येत नाहीत. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची मराठी स्वयंअध्ययन पुस्तके आणि महाजालावर विनामूल्य उपलब्ध असलेला मराठी विश्वकोश ही भक्कम पायाभरणी हाताशी आहे. तिच्या आधारे मराठीतून सकस अभ्यासक्रम घडविण्याची जबाबदारी विद्यापीठांची आहे.

उपायाचे सूत्र त्याच विनियमांत आहे. ‘स्वयम’चा अभ्यासक्रम घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालयाने समन्वयक-मार्गदर्शक प्राध्यापक नेमावा, अशी तरतूद २०१६ मध्येच करण्यात आली. विद्यापीठांनी ती कागदावर न ठेवता श्रेयांक मान्य करण्याची अट बनवावी. व्याख्यान घरी ऐकावे, चर्चा वर्गात व्हावी आणि लेखन शिक्षकाने तपासावे, असे झाले तर मोफत अभ्यासक्रम ग्रामीण विद्यार्थ्याला खरोखरच वरदान ठरतील. त्यासाठी वर्गात शिक्षक हवा आणि त्याचे वेतन शासनाने द्यायला हवे. ज्ञान फुकट वाटता येते, अध्यापन नव्हे. हा फरक धोरणकर्त्यांनी विसरता कामा नये.