शाल-श्रीफळाने ऋण फिटत नाही

दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन सैनिकांचे राष्ट्रीय स्मारक वॉशिंग्टनला उभे राहिले ते २००४ साली, युद्ध संपून एकोणसाठ वर्षे लोटल्यावर! तोवर थकलेल्या या सैनिकांना तेथवर जाणे झेपेना, म्हणून २००५ पासून स्वयंसेवक वर्गणी काढून त्यांना विमानाने नेऊ लागले. उपक्रम हृद्य आहे. परंतु राज्यसंस्थेच्या दिरंगाईची भरपाई नागरिकांच्या दयाबुद्धीने करावी लागली, हेही त्यात उघड होते.

हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या हयात सैनिकांनाही हुतात्मा स्मारकांपर्यंत असेच न्यावे, या सूचनेला हिंगोली जिल्ह्यात कोण विरोध करील? १९४८ साली अठरा वर्षांचा असलेला तरुण आज पंच्याण्णवी ओलांडून गेला आहे. वापटीच्या बहिर्जी शिंदे यांचे नाव वसमतच्या महाविद्यालयाला आहे. तेथे एखाद्या वृद्धाला हात धरून नेणे हे पुण्यकर्मच होय. प्रश्न एवढाच की, मोटारीत बसविण्यासाठी कोणाला निवडावयाचे?

यादी अर्थातच सन्मान निवृत्तिवेतनाची. १९७२ च्या केंद्रीय योजनेने सर्वसाधारणपणे सहा महिन्यांचा कारावास ही कसोटी ठरविली. भूमिगताला फरारीची घोषणा, शिरावरचे बक्षीस किंवा न बजावलेला स्थानबद्धतेचा हुकूम दाखवावा लागे. आता, रात्री भाकरी पोहोचविणाऱ्या शेतमजूर बाईच्या शिरावर निजाम सरकार बक्षीस कशाला लावील? निरोप्या म्हणून रानोमाळ हिंडलेल्या सालगड्याच्या नावाने हुकूम कोण काढील? ज्यांच्या आधारावर लढा तगला, ते कागदावर कधी उमटलेच नाहीत. निजामाच्या दप्तराने ज्यांना नगण्य मानले, त्यांना स्वतंत्र भारताच्या दप्तरानेही नगण्यच ठरविले.

खोट्या दाव्यांना आळा हवाच, असे यावर सांगितले जाईल. जरूर हवा. परंतु पुराव्याची अट गरिबालाच तेवढी अडवीत असेल, तर ती दक्षता नव्हे, वर्गीय पक्षपात होय.

म्हणून स्मारकयात्रा काढणाऱ्या तरुणांनी उलट दिशेनेही चालावे. वसमत, औंढा, कळमनुरी, सेनगाव, हिंगोली या तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवर जाऊन उरलेल्या वृद्धांच्या आणि त्यांच्या मुलाबाळांच्या साक्षी लिहून घ्याव्यात. जिल्हा प्रशासनाने त्या तपासून गावोगावच्या नोंदीत समाविष्ट कराव्यात आणि हयात वंचितांना निवृत्तिवेतन द्यावे. १९४९ साली जहागिरी नष्ट झाल्या, त्या केवळ फौजेच्या बळावर नव्हे. या अनामिकांचाही त्यात वाटा होता.

सत्काराचा हार संध्याकाळपर्यंत सुकतो. हक्काची नोंद मात्र माणसामागेही उरते. आणि ती करण्यासाठी आता फार थोडे दिवस हाती आहेत.